वेगाला मैदान नाही, रस्त्याला वाली नाही

मुंबईत जन्मलेला एक मुलगा तेराव्या वर्षी शर्यतीच्या कार्टमध्ये बसतो, पंधरावे लागण्याच्या सुमारास ब्रिटनमध्ये जाऊन तेथल्याच मुलांना मागे टाकून कार्टिंगच्या केएफ-थ्री गटाचे अजिंक्यपद पटकावतो, विसाव्या वर्षी फॉर्म्युला थ्रीच्या जागतिक मालिकेत तिसरा येतो, आणि ६ डिसेंबर २०२० रोजी बहरीनच्या साखीर ट्रॅकवर फॉर्म्युला टूची शर्यत जिंकून, ज्या पायरीवर त्याआधी एकाही भारतीयाचे पाऊल पडले नव्हते त्या पायरीवर उभा राहतो. आणि त्याचे नाव जेहान दारूवाला आहे असे सांगितले, तर ज्या महाराष्ट्राच्या राजधानीत तो वाढला त्या महाराष्ट्रातील शिकलीसवरलेली माणसे ‘हा कोण?’ म्हणून एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. याची आम्हांला लाज वाटते.

लाज केवळ या अज्ञानाची नाही. क्रिकेटपटूच्या केशरचनेपासून त्याच्या लग्नाच्या जेवणावळीपर्यंत सर्व वार्ता मुखोद्गत असलेल्या समाजाला एखादा खेळाडू ठाऊक नसणे हा दोष क्षम्य ठरला असता, जर तो समाज वेगाविषयी खरोखरच उदासीन असता. पण तो उदासीन नाही. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या पाचोऱ्याच्या जारगाव चौफुलीवर रात्री दहानंतर कोणीही उभे राहावे. सायलेन्सर कापलेल्या बुलेट बंदुकीसारखे बार काढीत भडगाव रोडकडे सुटतात, मागच्या सीटवरचा पोरगा उभा राहून मोबाइलवर चित्रण करतो, आणि समोरून येणाऱ्या एसटीला ‘कट’ मारून जो सर्वांत शेवटच्या क्षणी आत शिरतो तो त्या टोळक्याचा नायक ठरतो. वेगाची भूक येथे आहे, धाडस आहे, हात आणि डोळा यांचा मेळ आहे. नाही ते या भुकेला शिस्त लावणारे मैदान, गुरू, नियम आणि पंच. जे तारुण्य मैदानात घडले असते ते आपण रस्त्यावर सोडून दिले आहे, आणि रस्ता कोणालाही घडवीत नाही.

दारूवालाची वाटचाल नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती समजल्याशिवाय आपण काय गमावले याचा हिशेब लागत नाही. २०११ मध्ये फॉर्म्युला वनमधल्या फोर्स इंडिया संघाने देशभर शोध घेऊन काही मुले निवडली, त्यांत हा होता. त्याच्यासोबत निवडला गेलेला बंगळुरूचा अर्जुन मैनी पुढे स्वतः फॉर्म्युला टूपर्यंत गेला, आणि अर्जुनचा धाकटा भाऊ कुश याने मे २०२५ मध्ये मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. एका खासगी संघाने एकदाच, एका वर्षी, डोळे उघडे ठेवून पाहिले, तर एवढे पीक आले. जेहान कार्टिंगमधून फॉर्म्युला रेनोमध्ये, तेथून युरोपीय फॉर्म्युला थ्रीमध्ये आणि २०१९ मध्ये इटलीच्या प्रेमा संघाकडून जागतिक फॉर्म्युला थ्रीमध्ये गेला. बार्सिलोना आणि ल कास्तेले येथे जिंकला. रेड बुलने त्याला आपल्या तरुण चालकांच्या चमूत घेतले. साखीरच्या त्या शर्यतीत त्याच्यामागून दुसरा आलेला जपानचा युकी त्सुनोदा चारच महिन्यांत फॉर्म्युला वनच्या गाडीत बसला. त्याच दिवशी फॉर्म्युला टूचे अजिंक्यपद निश्चित करणारा मिक शूमाकरही बसला. जिंकलेला भारतीय मात्र आणखी तीन हंगाम त्याच पायरीवर राहिला.

त्याने पुढे मोंझासारख्या तीर्थक्षेत्री विजय मिळवले, २०२२ च्या जून महिन्यात सिल्व्हरस्टोनवर मॅक्लारेनची फॉर्म्युला वन गाडी चालवून पाहिली, आणि अखेर विजेवर चालणाऱ्या फॉर्म्युला ईमध्ये मासेराती संघाकडून एक हंगाम काढला. मग तीही जागा गेली. त्याच्या काही शर्यती बिघडल्या, काही चुका त्याच्याही झाल्या असतील. खेळ म्हटला की हार आली, आणि या खेळात जागा वीसच्या आसपास, उमेदवार साऱ्या जगाचे. परंतु त्सुनोदाच्या पाठीशी होंडा होती. शूमाकरच्या पाठीशी फेरारीची तरुण चालकांची शाळा आणि बापाचे नाव होते. दारूवालाच्या पाठीशी त्याचे घर होते. मुंबईतल्या एका मोठ्या उद्योगसमूहाची धुरा सांभाळणारे वडील त्याला लाभले म्हणून तो तेथवर तरी पोहोचला. देश त्याच्या पाठीशी नव्हता, आणि महाराष्ट्र तर नव्हताच.

या शिडीच्या पायऱ्या पाहा. आठव्या-दहाव्या वर्षी कार्ट. पंधराव्या वर्षी फॉर्म्युला फोर. मग प्रादेशिक मालिका, फॉर्म्युला थ्री, फॉर्म्युला टू. आणि फॉर्म्युला वनचे दार उघडायचे तर तीन हंगामांत मिळून सुपर लायसन्सचे ४० गुण. फॉर्म्युला टूमध्ये सर्वांना डल्लाराची एकच चॅसी आणि मेकाक्रोमचे एकच इंजिन मिळते, म्हणजे कागदावर ही केवढी समता! परंतु त्या गाडीत बसण्यासाठी चालकाला संघाकडे एका हंगामाचे जे पैसे भरावे लागतात ते वीस कोटी रुपयांच्या घरात जातात, आणि त्याआधीची प्रत्येक पायरी लाखांतून कोटींत चढत जाते. गुण मोजण्यापूर्वी पैसे मोजले जातात. ज्या खेळात गरिबाच्या मुलाला प्रवेश नाही तो खेळ श्रीमंतांचा आहे असे म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. पण तो श्रीमंतांचाच राहावा अशी व्यवस्था कोणी केली, हा प्रश्न विचारायला हिंमत लागते. लुईस हॅमिल्टन हा कोणा उमरावाचा पुत्र नव्हे. लंडनबाहेरच्या स्टीव्हनेजमध्ये त्याचा बाप एकापेक्षा अधिक नोकऱ्या करून मुलाच्या कार्टिंगचा खर्च चालवीत होता, आणि मुलगा तेरा वर्षांचा असताना मॅक्लारेनने त्याची जबाबदारी उचलली. सात वेळा जगज्जेता झालेला तो काळा मुलगा घडला, कारण तेथे गावोगाव कार्टिंगचे ट्रॅक होते, त्या ट्रॅकवर पाहणारे डोळे होते आणि त्या डोळ्यांमागे एखादी तिजोरी उघडणारे हात होते.

कार्ट म्हणजे जत्रेतले खेळणे असा ज्यांचा समज आहे त्यांनी ते एकदा जवळून पाहावे. लोखंडी नळ्यांचा एक सांगाडा, जमिनीपासून बोटभर उंच. त्याला स्प्रिंग नाही, शॉकअप नाही, आणि मागच्या दोन्ही चाकांना मिळून एकच सलग आस. वळण आले की दोन्ही चाके एकाच वेगाने फिरणार आणि गाडी वळायला नकार देणार. म्हणून चालकाने स्टिअरिंग असे फिरवायचे की सांगाडा पिळवटून आतले मागचे चाक क्षणभर जमिनीवरून उचलले जावे, आणि वळणातून बाहेर पडताच पुन्हा टेकावे. एवढे सगळे पापणी लवायच्या आत, दर फेरीला, दर वळणाला. बसायच्या सीटच्या कडा बरगड्यांत घुसतात, म्हणून दहा वर्षांची पोरे छातीला रिब प्रोटेक्टर बांधून बसतात, आणि शर्यत संपल्यावर त्यांची बोटे काही वेळ सरळ होत नाहीत. ही मजा नव्हे, विद्या आहे, आणि प्रत्येक विद्येला शाळा लागते.

आता खान्देशातल्या कोणत्याही जिनिंगच्या फाटकापाशी कापसाच्या हंगामात जाऊन उभे राहा. कापसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये घेणे हे काय दिव्य असते ते ज्याने केले त्यालाच कळते. ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे, अंदाज मागचा, नजर दोन्ही बाजूंना, आणि फाटकाची रुंदी ट्रॉलीपेक्षा वीतभर जास्त. नुकतेच लायसन्स हाती आलेले एखादे कोवळे पोरगे हे काम एका दमात करते आणि खाली उतरून चहा प्यायला जाते. त्याच्या अंगी काय आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्याच्या धाकट्या भावाच्या अंगीही ते असेल. तो नऊ वर्षांचा आहे, म्हणजे हॅमिल्टन ज्या वयात ट्रॅकवर होता त्याच वयाचा आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मिळून शासनाने बांधलेला एक तरी कार्टिंग ट्रॅक त्याला दाखवा.

कोणी म्हणेल, कापूस पिकवणाऱ्या मुलखाने फॉर्म्युला वनच्या गोष्टी कशाला कराव्यात. त्याला आम्ही तमिळनाडूतल्या कोईमतूरकडे बोट दाखवतो. कोईमतूर हे कापसाचेच गाव. तेथल्या गिरणीमालकांच्या एका घराण्यातला एस. करिवर्धन नावाचा माणूस विलायती गाड्या आयात करण्याच्या नादी लागला नाही. त्याने मारुती ८०० चे इंजिन घेऊन १९८० च्या दशकाच्या अखेरीस एका आसनाची, सामान्य ऐपतीच्या तरुणाला परवडेल अशी शर्यतीची गाडी गावातच बनवली. ती फॉर्म्युला मारुती. त्या गाड्यांत धडे गिरवून त्याच गावचा नारायण कार्तिकेयन ब्रिटन आणि आशियातल्या मालिका जिंकत वर चढला, आणि मार्च २००५ मध्ये मेलबर्नला जॉर्डनच्या गाडीतून फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेला; त्याच्या नावाचा करी मोटर स्पीडवे २००३ मध्ये त्याच गावाबाहेर उभा राहिला आणि आजही तेथे पोरे शिकत आहेत. तेव्हा प्रश्न कापसाचा नाही. कोईमतूरच्या कापसाच्या पैशातून ट्रॅक झाला. खान्देशाच्या कापसाच्या, केळीच्या, सोन्याच्या पैशातून मंगल कार्यालये झाली, लॉन झाले, पोराच्या अठराव्या वाढदिवसाच्या आधीच त्याच्या बुडाखाली येणारी चारचाकी झाली. त्या पैशातून पोराला शिस्त मात्र कोणी विकत घेतली नाही.

महाराष्ट्रात हे करून दाखवणारे कोणीच नाही असे नव्हे. कोल्हापूरच्या मोहिते कुटुंबाने रेसिंग अकादमी काढून आपल्या मातीत कार्टिंगचा ट्रॅक उभा केला, तेथे राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या; त्याच घरातला ध्रुव मोहिते देशी शर्यतींत नाव कमावता झाला. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन आला. या तरुणांचे आम्ही मनापासून कौतुक करतो. पण हेही स्पष्ट सांगतो की एकाच्या मागे घरचा ट्रॅक होता, दुसऱ्याच्या मागे खासदार वडिलांचे सधन घर. त्यांचे यश त्यांचे आहे. ज्यांच्या मागे यांपैकी काहीच नाही त्यांची अनुपस्थिती ही शासनाची आहे. याच कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकीला पाठवले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घरी आले, ही गोष्ट आपण शाळाशाळांतून अभिमानाने सांगतो. अभिमान कसला? एका प्राचार्याला घर गहाण ठेवावे लागले, हा त्या काळच्या सरकारवरचा आरोप होता. सत्तर वर्षांनंतर तोच आरोप आजच्या सरकारवर जसाच्या तसा लागू पडतो.

सरकारने काय केले ते पाहा. २००९ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने फॉर्म्युला वन हा खेळ नसून करमणूक आहे असा शेरा मारला. २०११ मध्ये ग्रेटर नोएडाजवळ पाच किलोमीटरहून लांब असा जागतिक दर्जाचा बुद्ध सर्किट खासगी पैशाने उभा राहिला. २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीन शर्यती झाल्या, तिन्ही जर्मनीच्या सेबास्टियन व्हेटेलने जिंकल्या, आणि करांच्या वादात ती शर्यत जी गेली ती परत आली नाही. कार्तिकेयनचा २०१२ चा हंगाम संपला, त्यानंतर आजवर फॉर्म्युला वनच्या शर्यतीत एकही भारतीय उतरलेला नाही. मोटर स्पोर्ट्सच्या राष्ट्रीय संघटनेला क्रीडा मंत्रालयाची मान्यता आहे, २०१९ मध्ये गौरव गिल या रॅली चालकाला अर्जुन पुरस्कार दिला गेला, म्हणजे पुरस्कार द्यायच्या दिवशी हा खेळ. आणि जमीन, पैसा, प्रशिक्षक द्यायच्या दिवशी करमणूक! ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस तमिळनाडू सरकारने टीका सोसून, न्यायालयाच्या पायऱ्या चढून, चेन्नईच्या रस्त्यांवर साडेतीन किलोमीटरचा ट्रॅक आखून रात्रीच्या प्रकाशात फॉर्म्युला फोरच्या शर्यती घेतल्या. त्या खर्चाच्या औचित्यावर कोणी वाद घालावा. पण त्या सरकारने हा विषय आपला मानला. महाराष्ट्राच्या कोणत्या मंत्र्याने मानला?

मानता येते, हे आम्हांला ठाऊक आहे. बैलगाडा शर्यतीवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली तेव्हा याच महाराष्ट्रातल्या सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांना खेळ, परंपरा आणि शेतकऱ्याचा आनंद या शब्दांचा अर्थ एका रात्रीत उमगला. विधिमंडळाने कायदा केला, नामवंत वकील उभे राहिले, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाकडून त्या कायद्यावर शिक्कामोर्तब करून आणले गेले. आमच्या खान्देशातही शंकरपटाची धूळ पुन्हा उडू लागली. शेतकऱ्याला त्याचा पट मिळाला याचा आम्हांला आनंदच आहे. पण ज्या वेगाला मते आहेत त्याच्यासाठी दिल्लीपर्यंत धावणारे हे पुढारी, ज्या वेगाला फक्त भविष्य आहे त्याच्यासाठी मुंबईतल्या क्रीडा खात्याच्या दालनापर्यंतही चालत गेले नाहीत.

आणि उद्योग? टाटांचा कारखाना पिंपरीत, बजाज आकुर्डी-चाकणला आणि वाळूजला, महिंद्रा नाशिकला आणि चाकणला, मर्सिडीज आणि फोक्सवॅगनही चाकणला. वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात. देशाला चाके पुरवणारे हे राज्य. महिंद्राचा संघ २०१४ मधल्या पहिल्या हंगामापासून फॉर्म्युला ईमध्ये उतरतो आहे आणि जगभर तिरंग्याचे रंग मिरवतो आहे, हे भूषणावह आहे. दारूवाला त्या संघाचा राखीव चालकही होता. पण संघाच्या गाड्यांचे रंग देशी आणि त्यांत बसणारे चालक परदेशी, अशी स्थिती दहा वर्षे राहत असेल तर दोष चालक निवडणाऱ्यांचा कमी आणि चालक न घडवणाऱ्यांचा जास्त. सामाजिक दायित्वाच्या निधीतून शाळांना बाके आणि चौकांना कारंजी देणाऱ्या या कंपन्यांना आपल्याच धंद्याशी सख्खे नाते असलेल्या खेळासाठी एका महसुली विभागात एक कार्टिंग ट्रॅक बांधता येत नाही, हे आम्ही मान्य करणार नाही. जपानमध्ये सुझुकाचा ट्रॅक होंडाने बांधला, तो १९६२ मध्ये. गाड्या विकायच्या आणि चालक घडवायचे नाहीत, हा सौदा एकतर्फी आहे.

धोक्याची बाजू आम्ही लपवीत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर तेरा वर्षांचा श्रेयस हरीश हा मोटारसायकलपटू शर्यतीत गेला, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत तेथेच के. ई. कुमार हे ज्येष्ठ चालक गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानातल्या बाडमेर येथे रॅलीच्या वाटेवर मोटारसायकलीने आलेले एक जोडपे आणि त्यांचा मुलगा शर्यतीच्या गाडीखाली सापडून मरण पावले. मान्यताप्राप्त खेळातही असे घडते. म्हणून ट्रॅक नकोत असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी उलट बाजूने विचार करावा: कुंपण, टायरच्या भिंती, मार्शल, रुग्णवाहिका, हेल्मेटची तपासणी, वयाची अट आणि चुकल्याबरोबर काळा झेंडा दाखवून बाहेर काढणारा पंच, एवढे सारे असूनही जो वेग माणूस मारू शकतो, तो यांपैकी काहीही नसलेल्या रस्त्यावर काय करत असेल?

काय करतो ते आम्ही पाचोरेकरांनी पाहिले आहे. ७ मे २०२४. जळगावहून पाचोऱ्याकडे येणाऱ्या रस्त्यावर, रामदेववाडीजवळ, दुचाकीवरून निघालेल्या एका आशा सेविकेला भरधाव मोटारीने उडवले. गावातल्या बाळंतिणींची वजने घेणारी, पोरांना डोस पाजणारी, मानधनासाठी महिनोन्महिने वाट पाहणारी ती बाई गेली, तिची दोन मुले गेली, भाचा गेला. एका घरातले चार. दोन मोटारींची शर्यत लागली होती असा आरोप गावकऱ्यांनी केला, गाडीत कोण होते आणि कोणाचे चिरंजीव होते याची चर्चा जिल्हाभर झाली, लोक रस्त्यावर उतरले. आणि अटक व्हायला पंधरवडा उलटून जावा लागला. तोवर १९ मे उजाडला होता. पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले होते, आणि त्या मुलाला जामीन देताना अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगण्यात आले होते. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनचे डॉक्टरही गजाआड गेले. न्याय जो व्हायचा तो न्यायालयात होईल. आम्ही कोणाला दोषी ठरवायला बसलेलो नाही. पण रामदेववाडीच्या त्या घराचे चार मुडदे उचलले गेले तेव्हा या जिल्ह्यातील किती बापांनी त्या रात्री पोराच्या खिशातून गाडीची किल्ली काढून घेतली?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. कायदा २०१९ पासून आहे. शाळा सुटताना पाचोऱ्याच्या कोणत्याही विद्यालयाच्या फाटकासमोर दहा मिनिटे उभे राहिले तर हा कायदा रोज किती वेळा मोडला जातो ते पोलिसांनाही दिसेल, मुख्याध्यापकांनाही दिसेल, दिसते आहेच. आठवीतला मुलगा आईला दुचाकीवर मागे बसवून बाजारात आणतो आणि ती आई कौतुकाने सांगते की आमच्या पोराला गाडी कशी छान जमते. गिरणेची वाळू चोरून नेणारे डंपर आणि ट्रॅक्टर पहाटेच्या अंधारात दिवे मालवून याच रस्त्यांनी पळतात, चालवणारे पोर कोणाचे, वय काय, लायसन्स आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही. कारण विचारणाऱ्याचे हात बांधलेले तरी असतात किंवा भरलेले तरी असतात. श्रीमंताचे पोर चैनीसाठी पळते, गरिबाचे पोर मालकाच्या धाकाने पळते, आणि दोघांच्या वाटेत येते ती आशा सेविका. हा वेग कोणी शिकवला? आपण शिकवला. ज्या समाजाने वेगाला खेळ म्हणून मान दिला नाही त्याने त्याला मस्ती म्हणून मोकळे रान दिले, आणि आता तो मुडदे मोजतो आहे.

ट्रॅक झाला की रस्त्यावरचे सगळे बार थांबतील अशा भ्रमात आम्ही नाही. पोलिसांनी काठी उगारलीच पाहिजे, कलम १९९-अ खाली बापांवर गुन्हे दाखल झालेच पाहिजेत, आणि ते गुन्हे आमदाराच्या एका फोनने मिटता कामा नयेत. पण ज्या पोराला फक्त ‘नको’ सांगितले जाते आणि ‘येथे ये’ असे कधीच सांगितले जात नाही, ते पोर अंधार शोधते. त्याला उजेडात आणा. घड्याळासमोर उभे करा. एका सेकंदाच्या दहाव्या भागासाठी त्याला महिनाभर घाम गाळू द्या, हरू द्या, दुसऱ्याच्या मागे दुसरे येण्याची चव कळू द्या. ज्याला ट्रॅकवर आपली मर्यादा कळली तो भडगाव रोडवर एसटीला कट मारायला जात नाही, कारण त्यात शौर्य नसून अडाणीपणा आहे हे त्याच्या हातांना कळलेले असते.

म्हणून आमची मागणी ठोस आहे. राज्याच्या प्रत्येक महसुली विभागात शासनाच्या जमिनीवर, राष्ट्रीय संघटनेच्या निकषांप्रमाणे, एक कार्टिंग ट्रॅक बांधावा. उत्तर महाराष्ट्राचा ट्रॅक नाशिकच्या उंबऱ्यावर न थांबता जळगाव किंवा धुळे जिल्ह्यात यावा, कारण नाशिकला महिंद्रा आहे आणि आमच्याकडे पडीक औद्योगिक भूखंड आहेत. आठ ते बारा वयाच्या जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळांतल्या मुलामुलींची चाचणी दरवर्षी तेथे व्हावी, कार्ट संस्थेचे असावे, टायर आणि पेट्रोलचा खर्च बापाच्या माथी पडू नये. निवडलेल्या मुलांना फॉर्म्युला फोरपर्यंत नेण्याची शिष्यवृत्ती चाकणच्या कंपन्यांनी द्यावी, आणि ती कोणाला दिली, का दिली, हे दरवर्षी जाहीर करावे. मुलींना वगळू नये; ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुली खान्देशाच्या वावरांत आज कमी नाहीत. आणि हे सारे होईपर्यंत, उद्या सकाळपासून, शाळेच्या फाटकासमोर पोलीस उभा राहावा.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील प्रत्येक आमदार-खासदाराला, जिल्हाधिकाऱ्यांना, पोलीस अधीक्षकांना आणि क्रीडा आयुक्तांना हा अंक आम्ही टपालाने पाठवीत आहोत. येत्या अधिवेशनात हा प्रश्न कोण मांडणार, ट्रॅकसाठी कोणती जमीन पाहिली, कलम १९९-अ खाली या वर्षी किती पालकांवर कारवाई झाली, एवढीच तीन उत्तरे आम्हांला हवी आहेत. जी येतील ती याच जागी शब्दशः छापू. जी येणार नाहीत, त्यांच्या जागी न देणाऱ्याचे नाव आणि पद छापू.